शेजारच्या ग्रॅनाइट कटिंगची धूळ आणि आवाज : तक्रार नेमकी कुठे करावी? (इंदूर)

नमस्कार मंडळी,

आम्ही सुदामा नगरात राहतो, घर सासऱ्यांनी बांधलेलं. दिवाळीनंतर शेजारच्या रिकाम्या प्लॉटवर पत्र्याची शेड उभी राहिली आणि तिथे ग्रॅनाइट कापायचं काम सुरू झालं. मोठ्या मशीनवर पाणी चालू असतं, तिचा त्रास फक्त आवाजाचा. खरा जाच हातातल्या ग्राइंडरचा. ओट्याला सिंकचं भोक पाडणं, कडा गोल करणं, सगळं शेडबाहेर आणि कोरडं चालतं. धुरळा थेट आमच्या गॅलरीत येतो. वाळलेले कपडे पुन्हा धुवायचे, तुळशीची पानं रोज पुसायची. सासूबाईंना दमा आहे आणि त्यांची खोली त्याच बाजूला. उन्हाळा असून ती खिडकी आम्ही उघडू शकत नाही.

ह्यांनी मालकाला दोनदा सांगून पाहिलं. "हाँ भाईसाहब, पानी डलवा देंगे" म्हणतो, चार दिवस पाणी मारतो, मग पुन्हा तेच. घाईची ऑर्डर असली की रात्री अकरापर्यंत काम चालतं.

ऑनलाइन तक्रार केली. पाहणीला आले ते सकाळी, मशीन सुरू व्हायच्या आत! आवाज आढळला नाही, असं लिहून तक्रार बंद केली. मला फार वाईट वाटलं.

दुकान बंद पडावं असं मुळीच म्हणणं नाही. तिथली पोरं तोंडाला नुसता गमछा बांधून काम करतात. ग्रॅनाइटमध्ये क्वार्ट्झ असतं, त्याची बारीक धूळ वर्षानुवर्षं छातीत गेली तर सिलिकोसिस हा फुफ्फुसांचा आजार होतो आणि तो बरा होत नाही. आमच्यापेक्षा त्यांचीच जास्त काळजी वाटते. काम ओलं व्हावं, आडोशाला व्हावं आणि रात्री थांबावं, एवढंच हवंय. कोणी यातून गेलंय का? मोबाइलवर मोजलेला आवाज चालतो का?

प्रतिसाद:
ताई, आमच्या मागे फर्निचरचा कारखाना होता, त्यामुळे तुमचा त्रास कळतो. आवाज आणि धूळ एका अर्जात घालू नका. आवाजासाठी २००० सालचे ध्वनिप्रदूषण नियम आहेत. निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री १० ते सकाळी ६ पर्यंत ४५ डेसिबल. मर्यादेपेक्षा १० डेसिबल जास्त असेल तर तक्रार करता येते, ती कलेक्टर किंवा पोलीस आयुक्तांकडे. धुळीचा अर्ज प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या इथल्या क्षेत्रीय कार्यालयात, हातोहात द्या आणि प्रतीवर शिक्का घ्या. मोबाइलचं रीडिंग पुरावा म्हणून धरू नका, पण तारीख-वेळेची वही ठेवा. कोणत्या वेळी पाहणी हवी, ते त्या वहीवरूनच अर्जात लिहा. आमचं काम तिथेच झालं.

एवढ्यानं भागलं नाही तर भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १५२ आहे (जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेचं १३३). त्यात एसडीएम (उपविभागीय दंडाधिकारी) धंद्याची पद्धत बदलायचा हुकूम देऊ शकतात. मात्र त्रास वस्तीला आहे असं दिसावं लागतं, म्हणून शेजाऱ्यांच्या सह्या घ्या. आणि पाण्यानं झालेला गाळ रोज उचलायला लावा, नाहीतर वाळून तोच उडतो.

मूळ धागाकर्ती:
गाळाचं लक्षातच आलं नव्हतं, आभारी आहे. मागच्या गल्लीतले काका सही द्यायला तयार आहेत, समोरचे भाडेकरू घाबरतात. मंगळवारच्या जनसुनावणीत कलेक्टर ऑफिसला जाते. अर्ज हिंदीत लिहायचा आहे, कोणाकडे जुना नमुना असेल तर कृपया इथे टाका.