विमान देखभालीचे शिक्षण: पदवी, परवाना आणि बी-१ की बी-२?

प्रश्न (नवशिका)

नमस्कार. भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र आणि गणित हे विषय घेऊन माझे उच्च माध्यमिक शिक्षण नुकतेच पूर्ण झाले असून विमानांच्या देखभाल-दुरुस्तीच्या क्षेत्रात जाण्याची माझी मनापासून इच्छा आहे. घरच्यांचे म्हणणे असे, की वैमानिकी अभियांत्रिकीची पदवी घ्यावी, म्हणजे पुढे हेही काम करता येईल. मी जे काही वाचले त्यात मात्र पदवीपेक्षा ‘परवाना’ हाच शब्द वारंवार आढळला. या दोहोंत नेमका फरक काय? बी-१ आणि बी-२ या परवान्याच्या दोन वर्गांतील निवड सुरुवातीलाच करावी लागते का? शिवाय एक शंका मनातून जात नाही: दोन-तीन वर्षे वर्गात बसून परीक्षा उत्तीर्ण झालेल्या माणसाच्या हाती खरेखुरे विमान कोणी सोपवते का?

उत्तर (हँगरवासी)

शेवटच्या शंकेचे उत्तर आधी देतो. सोपवत नाहीत, आणि सोपवूही नये. या क्षेत्रातील सारी शिक्षणपद्धती याच एका गोष्टीभोवती रचलेली आहे.

वैमानिकी अभियांत्रिकीत पंखावर किती भार येईल, तो पेलण्यासाठी रचना कशी असावी, हे शिकवतात. म्हणजे तो मुख्यतः आरेखनाचा अभ्यास आहे. देखभालीचा परवाना हा सहीचा अधिकार आहे. काम पूर्ण झाल्यावर ‘हे काम मान्य पद्धतीने झाले असून विमान सेवेत सोडण्यास हरकत नाही’ असे लिहून खाली सही कोणी करायची, हे परवान्यावरून ठरते, आणि नुसत्या पदवीने तो अधिकार मिळत नाही. पदवी वाया जाते असे मी म्हणणार नाही, पण तुम्हाला हाताने विमानावर काम करायचे असेल तर तो लांबचा रस्ता आहे.

युरोपीय नियमांत (अनेक देशांनी आपले नियम याच धर्तीवर केले आहेत) परवान्याचे ए, बी-१, बी-२, सी असे मुख्य वर्ग आहेत. ‘ए’ वर्गाला ठरावीक लहान कामे प्रमाणित करता येतात. बी-१ कडे सांगाडा, इंजिन, यांत्रिक आणि विद्युत प्रणाली असतात. बी-२ कडे एव्हिऑनिक्स (विमानातील इलेक्ट्रॉनिक उपकरणे) आणि विद्युत प्रणाली. मोठ्या देखभालीनंतर संपूर्ण विमान सेवेत सोडण्याचा अधिकार ‘सी’ वर्गाचा. टर्बाइन इंजिनाच्या विमानांसाठीचा बी-१ चा मान्यताप्राप्त अभ्यासक्रम २४०० तासांचा असतो, प्रत्येक विषयात उत्तीर्ण होण्यासाठी ७५ टक्के गुण लागतात आणि त्यानंतर सेवेत असलेल्या विमानांवर २ वर्षांचा अनुभव घ्यावा लागतो. मान्यताप्राप्त शिक्षण न घेता थेट कामावरून आलेल्या माणसाला हाच अनुभव ५ वर्षांचा लागतो. अमेरिकेची पद्धत वेगळी आहे: तेथे एअरफ्रेम (सांगाडा) आणि पॉवरप्लांट (इंजिन) असे दोन भाग असून, संस्थेत न शिकलेल्यास एका भागासाठी १८ महिने आणि दोन्हींसाठी मिळून ३० महिने प्रत्यक्ष काम दाखवावे लागते, मग लेखी, तोंडी आणि प्रात्यक्षिक परीक्षा होतात.

एवढ्यावर भागत नाही. मोठ्या विमानासाठी त्या-त्या प्रकाराचे टाइप रेटिंग, म्हणजे त्याच विमानासाठीची वेगळी पात्रता, घ्यावे लागते, आणि ते झाल्यावरही ज्या संस्थेत तुम्ही काम करता ती संस्था तुम्हाला पारखून स्वतःचे अधिकारपत्र देते. ते मिळेपर्यंत तुम्ही दुसऱ्याच्या देखरेखीखाली काम करता आणि सही त्याची असते. त्या काळात मन खट्टू होते हे मी अनुभवले आहे, पण आज माझ्या हाताखाली नवीन मुले येतात तेव्हा तो काळ किती आवश्यक होता हे उमगते.

यामागचे कारण एका घटनेवरून स्पष्ट होईल. १० जून १९९० रोजी ब्रिटिश एअरवेजच्या बीएसी वन-इलेव्हन विमानाची पुढची काच सुमारे १७,३०० फुटांवर उडून गेली आणि कप्तान अर्धा बाहेर ओढला गेला. सहवैमानिकाने विमान उतरवले आणि सुदैवाने सगळे वाचले. ती काच त्याआधी रात्रपाळीत बदलली होती. बदलणारा माणूस अननुभवी नव्हता. त्याने सुट्या भागांची सूची उघडण्याऐवजी काढलेला जुना बोल्ट नमुना म्हणून घेतला आणि नव्याशी डोळ्यांनी जुळवला; ९० पैकी ८४ बोल्ट व्यासाने जेमतेम ०.६६ मिलिमीटर बारीक निघाले. आम्हाला स्मरणशक्तीवर काम करू देत नाहीत ते यासाठी. शंभर वेळा केलेले काम असले तरी मॅन्युअलचे पान समोर असलेच पाहिजे, आणि ही सवय वर्गात शिकून अंगी बाणत नाही.

उत्तर (तारजोडणी)

बी-२ विषयी लिहिते, कारण हँगरवासी यांनी तो विषय एका वाक्यात उरकला आहे. निवड बहुतेक ठिकाणी प्रवेश घेतानाच करावी लागते. गणित, भौतिकशास्त्र, विद्युत मूलतत्त्वे, मानवी घटक (माणसाकडून चुका का होतात याचा अभ्यास) आणि कायदे असे बरेच विषय दोघांना समान असल्यामुळे दुसरा वर्ग पुढे वाढवून घेता येतो, मात्र त्यासाठी वेगळा अनुभव आणि वेगळ्या परीक्षा लागतात.

बी-२ चे काम बहुतांशी शोधाचे असते. एका विमानाचा रेडिओ मधूनच बंद पडत होता. जमिनीवर तपासला की ठणठणीत. दोन रात्री आम्ही रेडिओच्या पेट्या बदलत राहिलो. तिसऱ्या रात्री माझ्या वरिष्ठांनी कनेक्टर उघडून भिंगाखाली धरला, तेव्हा एक पिन केसभर मागे सरकलेली दिसली. उड्डाणातील कंपनाने ती सुटायची आणि विमान थांबले की पुन्हा टेकायची. अशा कामात ज्याला गोडी वाटते त्याने बी-२ घ्यावे. ज्याला इंजिनाच्या आत बोरस्कोप (आत डोकावण्याची बारीक नळीसारखी दुर्बीण) घालून पात्यांच्या कडा पाहण्यात रस आहे, त्याचा जीव बी-१ मध्येच रमेल.

काम नाजूक दिसले म्हणून जोखीम कमी होते असे कृपया समजू नका. २ ऑक्टोबर १९९६ रोजी एरोपेरूचे बोइंग ७५७ समुद्रात कोसळून विमानातील सर्व ७० जण मरण पावले. विमान धुताना स्टॅटिक छिद्रांवर (उंची व वेग मोजण्यासाठी बाहेरच्या हवेचा दाब घेणाऱ्या छिद्रांवर) लावलेली चिकटपट्टी काढायची राहिली होती, आणि रात्रीच्या अंधारात वैमानिकांना उंची व वेग दोन्ही चुकीचे दिसत राहिले. चिकटपट्टी लावणे हे विमानावरील सर्वांत किरकोळ काम मानले जाते.

उत्तर (कार्यशाळा)

मी अशा संस्थेत प्रात्यक्षिके शिकवतो, म्हणून संस्था निवडण्याविषयी थोडे. आपल्या देशाच्या नियामक संस्थेची मान्यता आहे का, आणि ती नेमक्या कोणत्या वर्गासाठी आहे, हे नियामकाच्या यादीत स्वतः पाहावे. जाहिरातीतील शब्दांवर विसंबू नये. ‘नोकरीची हमी’ देणाऱ्यांना मी एकच प्रश्न विचारायला सांगतो: त्या दोन वर्षांच्या अनुभवाची सोय कोठे आणि कोणाशी केलेली आहे? याचे लेखी उत्तर मिळत नसेल, तर तेथे पैसे भरू नयेत. परीक्षा उत्तीर्ण झालेले पण अनुभवाविना खोळंबलेले विद्यार्थी मी पाहिले आहेत, आणि त्यांची ती अवस्था पाहवत नाही.

कार्यशाळेत उभे राहून पाहता आले तर अवश्य पाहावे. अवजारांच्या फळीवर प्रत्येक पान्याची आकृती रंगवलेली आहे का, पाळी संपताना रिकामी आकृती कोणी मोजतो का? माझ्या विद्यार्थ्यांचे पहिले काही दिवस नुसती लॉकिंग वायर, म्हणजे बोल्ट सैल होऊ न देणारी तार, बांधण्यात जातात. बोल्ट सैल होण्याच्या दिशेने फिरू लागला की तार ताणली जाऊन त्याला रोखेल, अशीच ती ओढावी लागते. पीळ सैल पडला तर तार ढिली राहते, जास्त पडला तर तुटते. टोक आत वळवायचे, नाहीतर पुढच्या माणसाचा हात फाटतो, आणि कापलेला तुकडा खिशात गेलाच पाहिजे. बहुतेकांना पंधरा-वीस वेळा तार कापून पुन्हा बांधावी लागते, कारण एकदा काढलेली तार पुन्हा वापरत नाहीत.

नवशिका

सर्वांचे मनःपूर्वक आभार. घरी हे सारे वाचून दाखवले. माझा कल आता बी-१ कडे आहे. एक शेवटची शंका: माझे सर्व शिक्षण मातृभाषेत झाले असून इंग्रजी बेताचे आहे. ते आड येईल का?

उत्तर (हँगरवासी)

सुरुवातीला जड जाईल, पण भीती बाळगू नका. अलीकडची बहुतेक मॅन्युअले सुलभ तांत्रिक इंग्रजीत लिहिलेली असतात. तिच्यात वाक्ये आखूड असतात आणि एका शब्दाचा शक्यतो एकच अर्थ ठरवून दिलेला असतो. मॅन्युअलमधील प्रकरणांचे क्रमांकही विमानाची कंपनी कोणतीही असली तरी सारखेच: २४ म्हणजे विद्युत, २७ म्हणजे उड्डाण नियंत्रण, २९ म्हणजे हायड्रॉलिक, ३२ म्हणजे लँडिंग गिअर. रोज एक पान मोठ्याने वाचा आणि प्रत्येक ‘इशारा’ व ‘सावधान’ची चौकट आपल्या भाषेत वहीत उतरवा. प्रवेशाला अवकाश असेल, तर ही वही आजच सुरू करता येईल.