देश बदलताना घर कसं हलवलंत? अनुभव लिहा

शर्वरी_मुलुंड
समोरच्या बिऱ्हाडाचं कॅनडाचं पक्कं झालं. नवरा-बायको आणि ८ वर्षांचा मुलगा. शाळा संपली की निघतायत. आज दुपारी पोरगा तुळशीची कुंडी पोटाशी धरून दारात उभा. "काकू, ही तुमच्याकडे ठेवाल? आई म्हणते विमानात माती चालत नाही." कुंडी घेतली, त्याच्या हातावर लाडू ठेवला, दार लावलं आणि तशीच स्टुलावर बसून राहिले.

२०१२ च्या जानेवारीत आम्ही असेच ऑकलंडला गेलो होतो. लेक साडेचार वर्षांची. तिकडे मूल पाचव्या वाढदिवसाला शाळेत जातं, तो मुहूर्त गाठायचा होता. वर्षभर फाइल मीच करत होते. पासपोर्ट, लग्नाचा दाखला, पोलीस क्लिअरन्स, मेडिकल, सगळ्याच्या तीन-तीन झेरॉक्स. तरी अर्ज भरायच्या तीन आठवडे आधी लक्षात आलं की लेकीच्या जन्मदाखल्यावर नावाचा रकानाच कोरा. प्रसूतिगृहातून नोंद गेली होती ती बारशाच्या आधी! पासपोर्टच्या वेळी निभावलं होतं, इथे निभणार नव्हतं. पालिकेच्या वॉर्ड ऑफिसात जाऊन नाव घालून घेतलं, पण तोवर डोळ्याला डोळा नव्हता.

आणि एवढ्या जाड फाइलीत सासूबाईंचा एकही कागद नव्हता. त्या इथेच राहणार होत्या, एकट्या. आदल्या रात्री आम्ही बॅगा काट्यावर चढवतोय, तर त्या स्वयंपाकघराच्या दारात येऊन म्हणाल्या, "सिलिंडर कोणाच्या नावावर आहे गं? नंबर लावताना काय सांगायचं?" सिलिंडर, वीज, फोन, लॉकर, सगळं ह्यांच्या नावावर. तिकडे कढया किती न्यायच्या हे आमचं ठरलं होतं. इकडे राहणाऱ्या बाईला सिलिंडर कसा मागवायचा ते सांगायचं राहिलं होतं. तो प्रश्न मला अजून टोचतो.

ऑकलंडला उतरल्यावर खाण्याचं सगळं लिहून दिलं होतं म्हणून बरं, न सांगता नेलं तर जागेवर ४०० डॉलर दंड. आईने दिलेली मधाची बाटली काढून घेतली, गोडा मसाला हुंगून परत दिला. ह्यांच्या बुटांना राजमाचीचा चिखल होता, तो तिथल्या बाईने ब्रशने घासून काढला.

तुम्ही कसं केलंत? काय राहून गेलं? लिहा, समोरचीला वाचून दाखवणार आहे.

अबोली
जन्मदाखल्याचं अगदी अगदी!! आमच्या धाकट्याचंही असंच. नाव नोंदीपासून १५ वर्षांच्या आत घालून घ्यायचं असतं, त्यामुळे ज्यांची मुलं लहान आहेत त्यांनी परदेशी जायचं असो वा नसो, आजच कपाटातून दाखला काढून बघा.

नीता_बोरिवली
खूप आहे लिहिण्यासारखं. कुकर लावलाय, रात्री येते.

सुनबाई_गिरगावची
माझं दुखणं नावाचं. मुंबई विद्यापीठाची पदवी माहेरच्या नावाने, मधे बाबांचं नाव. पासपोर्ट सासरच्या नावाने, मधे नवऱ्याचं. आणि लग्नात तांदळात लिहून पहिलं नावही बदललेलं! म्हणजे तिन्ही शब्द वेगळे. पदवीचं मूल्यमापन करणाऱ्या संस्थेला ही दोन माणसं एकच कशी वाटावीत? विवाह नोंदणीचा दाखला, राजपत्रातली नावबदलाची नोंद, प्रतिज्ञापत्र, सगळं जोडलं तेव्हा जमलं. कालिन्याहून, म्हणजे विद्यापीठाकडून, ट्रान्सक्रिप्ट (सगळ्या वर्षांच्या गुणांचा उतारा) सीलबंद पाकिटात जातात, त्यालाही वेळ धरा. माझ्या भाचीला सांगून ठेवलंय, नाव बदलू नकोस बाई.

अबोली
@सुनबाई, तांदळातलं नाव काय होतं?

सुनबाई_गिरगावची
मृण्मयी. सासूबाईंच्या आवडीचं. आता त्याही मला जुन्याच नावाने हाक मारतात.

म्युनिकचा_डोंबिवलीकर
मी आधी एकटा गेलो, बायको आणि जुळी मुलं चार महिन्यांनी आली. जर्मनीत नव्या घरात शिरल्यापासून दोन आठवड्यांत पालिकेत पत्ता नोंदवावा लागतो, आणि घरमालकाचं तसं पत्र लागतं. त्या नोंदीवर पुढचं सगळं अडतं, टॅक्स नंबरसुद्धा. म्हणून घर आधी, माणसं मागाहून हा क्रम आम्हाला सोयीचा पडला.

घर मिळालं त्या दिवशी बायकोला व्हिडिओ कॉल लावून एकेक खोली दाखवली. ती म्हणाली, सगळं ठीक, ओटा कुठंय? ओटा नव्हताच. भिंतीतून दोन नळ आणि एक जाड वायर बाहेर आलेली. तिकडे भाड्याच्या कितीतरी घरांत स्वयंपाकघर आपलं आपण बसवायचं असतं, सिंकसकट. पहिला दीड महिना मी बाथरूमच्या बेसिनमध्ये भांडी घासली.

पण चार महिने लांब राहू नये असं आता वाटतं. मुलं तेव्हा दोन वर्षांची. विमानतळावर धाकट्याने माझ्याकडे बघितलं, मग आईच्या फोनकडे बोट केलं. बाबा तिथे असतो असं त्याला वाटत होतं. त्याने मला हात लावायला अख्खा दिवस घेतला.

शर्वरी_मुलुंड
@डोंबिवलीकर, अरे देवा. शेवटचं वाचून पोटात कालवलं.

कुमुदआजी
नातीकडून टाइप करून घेते आहे. आम्ही कुवेतला १९८४ साली गेलो, तेव्हा सहा महिने तयारी केली होती. परतीची तयारी अर्ध्या तासाची. २ ऑगस्ट १९९०, पहाटे इराकचं सैन्य शहरात शिरलं. पुढे कित्येक दिवस घरात, मग बसने इराकमधून जॉर्डनला. वाळवंटातल्या तंबूत पाणी रांगेने. अम्मानहून एअर इंडियाने ५९ दिवसांत ४८८ फेऱ्या करून दीड लाखाहून जास्त माणसं आणली, त्यातले आम्ही चौघं. सहारला उतरलो तेव्हा पायात स्लिपर आणि हातात उशीचा अभ्रा.

त्या अभ्र्यात पासपोर्ट, मुलांचे जन्मदाखले, लसीकरणाची कार्डं, ह्यांचे सर्टिफिकेट होते. दागिने बसवाल्याला देऊन झाले होते, अभ्रा मात्र मी झोपेतही सोडला नाही. शाळेचा दाखला तेवढा राहिला. दादरच्या एका मराठी शाळेच्या मुख्याध्यापिकाबाईंनी मुलाला समोर बसवून सतराचा पाढा म्हणायला लावला आणि म्हणाल्या, सोमवारी पाठवा.

म्हणून सांगते पोरींनो, मूळ कागद सामानात टाकू नका. हातात ठेवा.

अबोली
आजी, नमस्कार करते. अंगावर काटा आला.

चाळकरी
अवांतर होईल पण आजींचं वाचून आठवलं. भायखळ्याला वडिलांच्या चाळीत एक बेने इस्रायल, म्हणजे मराठी ज्यू, कुटुंब होतं, घरात आपल्यासारखंच मराठी. आपल्याकडे त्यांना शनवार तेली म्हणत, तेल गाळायचे आणि शनिवारी घाणा बंद. १९६२ ला ते इस्रायलला गेले. सगळ्या चाळीने मिळून पेट्या बांधल्या. माझ्या आजीने त्यांना पुरणयंत्र दिलं. १९९० नंतर त्यातली थोरली मुलगी आम्हाला भेटायला आली, तर पाकिटात ट्रामचं तिकीट जपलेलं. मुंबईतली ट्राम तर ३१ मार्च १९६४ ला बंद झाली. तिचं मराठी आमच्यापेक्षा शुद्ध, एक इंग्रजी शब्द नाही! पुरणयंत्र अजून चालतंय म्हणाली.

मशीद बंदर स्टेशनचं नाव त्यांच्याच प्रार्थनास्थळावरून पडलं असं सांगतात, १७९६ सालचं आहे ते.

रोजची_लोकल
काय सांगता! मी रोज तिथे उतरते, मसाल्याच्या दुकानांवरून जाते. कुठल्या गल्लीत?

चाळकरी
सॅम्युएल स्ट्रीट. मांडवीच्या बाजूला विचारा, कोणीही सांगेल.

निवृत्त_कॅशियर
मुद्द्याचं लिहितो, कारण ह्यात लोक हमखास फसतात. स्थायिक व्हायला निघालात की इथलं साधं बचत खातं एनआरओ (अनिवासी माणसाचं इथलं रुपयातलं खातं) करून घ्यायचं, तसंच चालू ठेवायचं नाही. पीपीएफ नवीन उघडता येत नाही, जुनं मुदत संपेपर्यंत चालवता येतं. इथून पैसे नेताना, निवासी असेपर्यंत, एका आर्थिक वर्षात माणशी अडीच लाख डॉलरची मर्यादा आहे. घर भाड्याने देणार असाल तर भाडेकरूला आधीच सांगा की मालक अनिवासी झाला की भाड्यातून टीडीएस त्याने कापून भरायचा असतो. मुखत्यारपत्र निघायच्या आधी इथेच करा. तिकडून करायचं तर वकिलातीत जाऊन सही, आणि तो कागद भारतात आल्यावर तीन महिन्यांच्या आत मुद्रांक शुल्क.

सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे मोबाइल. इथला नंबर बंद पडला की ओटीपी बंद, ओटीपी बंद की बँक बंद. सिम रोमिंगसह चालू ठेवा, रिचार्जची तारीख कॅलेंडरवर लिहा. माझ्या पुतण्याचा नंबर रिचार्जअभावी दुसऱ्या कोणाला गेला. त्याला निव्वळ त्यासाठी विमानाचं तिकीट काढून यावं लागलं.

खंड्याची_आई
आमचं चौथं माणूस म्हणजे खंड्या, कांदिवलीच्या रस्त्यावरचा कुत्रा, एक कान मुडपलेला. लंडनला न्यायचा तर आधी मायक्रोचिप, मग रेबीजची लस. क्रम उलटा झाला तर लस धरत नाहीत. लसीनंतर ३० दिवसांनी रक्ततपासणी, रक्त दिल्यापासून तीन महिने थांबायचं. शिवाय ब्रिटनमध्ये कुत्रा कार्गोतूनच जातो. म्हणजे निदान पाच महिने आधी सुरुवात. आम्ही चौकशी केली तेव्हा हातात दोन महिने होते. नवरा आणि मुलगी पुढे गेले, मी आणि खंड्या मागे. सोसायटीतल्या काहींनी सुचवलं, सोडून द्या, इथलाच तर आहे. मुलगी काहीच बोलली नाही, आपल्या बॅगेतून तीन ड्रेस काढून त्याची गोधडी भरली. आता तिथल्या पार्कात 'बस' म्हटलं की तो बसतो आणि शेजारच्या इंग्रज आजीही आता 'बस' म्हणतात.

वाशीकर_दुबई
दुबईला येणाऱ्यांनी लक्षात ठेवा, यूएई अपोस्टिल करारात (त्यातल्या देशांत कागदावर एकच शिक्का पुरतो) नाही. मंत्रालय, परराष्ट्र खातं, मग त्यांच्या दूतावासाचा शिक्का अशी साखळी लागते. कॅनडात मात्र जानेवारी २०२४ पासून अपोस्टिल चालतं. बाकी आमचं काय, तीन तासांत मुंबई.

दादरचे_बाबा
मी मागे राहिलेल्यांतला. मुलगा २०१६ पासून टोरांटोला. शर्वरीताई, तुमच्या सासूबाईंचा प्रश्न मला नीट कळला. आमच्या सूनबाईने जायच्या आधी एक दोनशे पानी वही केली. कुठलं बिल कधी येतं, प्लंबर कोण, शेजारी किल्ली कोणाकडे, रात्री दुखायला लागलं तर पहिला फोन कोणाला. डावीकडे माझी औषधं, उजवीकडे हिची. मीटरचा नंबर मोठ्या अक्षरात, मला चष्मा लागतो म्हणून. ही गेली २०२१ ला. उजवी पानं मी तशीच ठेवली आहेत.

कॅनडाच्या सुपर व्हिसावर (तिथे स्थायिक मुलांच्या आईवडिलांसाठीचा) आता एका वेळी ५ वर्षं राहता येतं म्हणतात. मी सहा महिने राहून आलो. नातवाला कट्ट्यावरची गंमत सांगत होतो, तर त्याने विचारलं कट्टा म्हणजे काय. त्याला दाखवायला आणायचं आहे.

शर्वरी_मुलुंड
बाबा, वहीचं वाचलं आणि ताबडतोब समोर गेले. तिची आई इथेच राहणार आहे, तिसऱ्या मजल्यावर, भावाच्या घरात, भाऊ पुण्याला. म्हणजे तीच गत. कपाटातून सगळे दाखले काढून पलंगावर पसरले. मुलाच्या जन्मदाखल्यावर नाव आहे, पण इंग्रजी स्पेलिंग पासपोर्टपेक्षा एका अक्षराने वेगळं. उद्या दोघी वॉर्ड ऑफिसला जातोय. वही आणली आहे, पहिल्या पानावर मावशींनी स्वतःच्या हाताने लिहिलं: गॅस. आणि खाली एजन्सीचा फोन.

खंड्याची_आई
वा! मुलालाही एक पान द्या त्या वहीत, तुळशीला पाणी कधी घालायचं ते लिहू दे.

शर्वरी_मुलुंड
दिलं की. 'रोज. पण पावसात नाही' असं लिहिलंय.

नीता_बोरिवली
आले बाई एकदाची. पाहुणे होते, आत्ता निवांत झाले.

आम्ही २०१५ ला मेलबर्नला आलो. माणशी ३० किलो. पाटा-वरवंट्याचा प्रश्नच नव्हता, तो नणंदेकडे गेला. मिक्सर, कुकर, दोन कढया, इडलीपात्र. पोळपाट आईचा होता, शिसवी, काळाभोर, मधोमध झिजून खळगा पडलेला. नवरा म्हणाला लाकूड आहे, काढून घेतील, तिकडे नवा घेऊ. मी ऐकलं नाही. कार्डावर लाकडी वस्तू म्हणून खूण केली. विमानतळावरच्या तरुण अधिकाऱ्याने पोळपाट उलटा केला, कडा बघितल्या, कीड किंवा साल आहे का ते. मग खळग्यात अंगठा फिरवत विचारलं, हा किती जुना? म्हटलं, माझ्या आईच्या लग्नातला, १९६८ चा. त्याने दोन्ही हातांनी परत दिला.

तोच वापरते. आता उठते, उद्याच्या डब्याची कणीक भिजवायची आहे. उद्या शाळांच्या दाखल्यांचं लिहिते, तोही मोठाच घोळ होता.