चित्राचा ‘खर्डा’ असतो का?

भाषांतरवाली: इटलीच्या ग्वेर्चिनोवरचा (१५९१–१६६६) लेख मराठीत करतेय. चर्चच्या वेदीवरचं मोठं चित्र रंगवण्याआधी तो पिसाच्या लेखणीने शाईत कागदामागून कागद काढायचा. संत डावीकडे, देवदूत वर, मग सगळं उलटं. मी ‘कच्चे खर्डे’ लिहिलं. संपादकांनी खोडून ‘पूर्वरेखाटने’ केलं. चित्राचा खर्डा म्हणत नाहीत का?

बोरूबहाद्दर: खर्डा लिखाणाचा. नुसतं ‘खर्डा’ म्हणाल तर कोल्हापूरकर भाकरी घेऊन बसतील.

पडदेवाला: आम्ही ‘कच्चं’ म्हणतो. आधी कच्चं, मग पक्कं. ‘पूर्वरेखाटन’ कुणाच्या तोंडी ऐकलं नाही.

भाषांतरवाली: पहिल्या सुचण्याला कच्चं ठीक, इटालियनात त्याला ‘पेन्सिएरो’ म्हणजे विचारच म्हणतात. पण गिऱ्हाइकाला दाखवायचा शेवटचा कागद कच्चा कसा?

फारसीप्रेमी: ‘मसुदा’ घ्या. अरबीत ‘सवाद’ म्हणजे काळेपणा, मसुदा म्हणजे काळा केलेला कागद. शाईच्या कामाला याहून चपखल काय?

शुद्धमती: मसुदा विधेयकाचा असतो, देवदूताचा नाही. ‘संकल्पचित्र’ म्हणा.

पडदेवाला: ते पेपरात नव्या उड्डाणपुलाच्या चित्राखाली असतं.

शुद्धमती: असू दे. आणि लेखात ‘तपकिरी शाई’ नको. शाई म्हणजे स्याही, म्हणजे काळी. ‘मसी’ हा आपला शब्द आहे.

बोरूबहाद्दर: मग दहावीचा पेपर आम्ही निळ्या काळीने लिहिला म्हणायचा!

कागदराख्या: ग्वेर्चिनोची शाई मुळात काळीच असायची. मायफळ, हिराकस (लोखंडाचा क्षार) आणि डिंक. पुढे तपकिरी पडते आणि दाट लागलेल्या जागी कागद खाते. ग्वेर्चिनोच्या काही कागदांना रेघांवरच चिरा गेल्यात. आपल्या पोथ्यांची काजळाची शाई अशी कागद खात नाही. तेव्हा ‘तपकिरी पडलेली शाई’ लिहा.

पडदेवाला: मायफळ? बाळगुटीत उगाळतात ते?

कागदराख्या: तेच. फळ नव्हे मात्र, ओकच्या झाडावर किडीमुळे आलेली गाठ.

शुद्धमती: म्हणजे ‘मायफळ’ शब्दच चूक.

बोरूबहाद्दर: घ्या! सगळ्या आज्यांना कळवा.

भाषांतरवाली: अहो, उद्या सकाळी लेख द्यायचाय. चित्रकार काराव्हाज्जो घ्यायला हवा होता, त्याचं एकही रेखाटन हाती लागलेलं नाही.

फारसीप्रेमी: ‘माय’ म्हणजे आई नव्हे बरं का. फारसी ‘माजू’, त्यावरून हिंदी ‘माजूफल’.

शुद्धमती: संस्कृतात ‘मायाफल’ आहे. पुरावा द्या.