अनुभव धागा : बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानातील घळी, ओढे आणि पायवाटा

संजय गांधी राष्ट्रीय उद्यान सुमारे १०४ चौरस किलोमीटरचे असले, तरी बहुतेक मुंबईकरांची भेट प्रवेशद्वाराजवळच संपते. ज्यांनी आतल्या वाटा पायी तुडवल्या आहेत, त्यांनी तिथे पाहिलेल्या पाण्याविषयी आवर्जून लिहावे. सुरुवात मी करते.

कान्हेरीची शंभराहून अधिक लेणी घळीच्या दोन्ही अंगांना काळ्या कातळात कोरलेली आहेत. भर जुलैत तिसऱ्या क्रमांकाच्या चैत्यगृहावरून पावठ्या चढत गेले, तेव्हा एका लेण्याच्या कपाळावरून कोरत आणलेली चार बोटे रुंदीची पन्हळ दिसली आणि तिच्यातले पाणी ओटीलगतच्या पोढीत, म्हणजे कातळात कोरलेल्या पाण्याच्या टाक्यात, पडताना ऐकू आले. कल्याण, सोपाऱ्याच्या व्यापाऱ्यांनी लेण्यांबरोबर अशा पोढ्याही दान दिल्याचे तिथले शिलालेख सांगतात. दगड फोडण्याआधी त्या लोकांनी पावसाची वाट ओळखली होती, याचे मला फार अप्रूप वाटते.

दहिसरहून :
ताई, आमची दहिसर नदी तुळशी तलावाकडून येते. शिलोंडा पायवाटेवर वाटाड्यासोबत ती ओलांडली, तेव्हा पाणी पोटरीपर्यंत होते आणि तळाचे गोटे, त्यांवर चिकटलेले शेवाळ, मधून सुळकन जाणारे मासे असे सगळे स्वच्छ दिसत होते. हीच नदी आमच्या इमारतीमागे काळी होऊन येते, आणि शेजारची मुले तिला नाला म्हणतात. प्रत्येक शाळेने एकदा तरी मुलांना ते वरचे पात्र दाखवावे, असे मला मनापासून वाटते.

मुलुंडहून :
२०१६ नंतर २०२४ मध्ये कारवी फुलली, तेव्हा उतारच्या उतार जांभळे झाले होते. आठ वर्षांनी एकदा फुलणारी ही झुडपे एरवी दाट उभी राहून उतारावरची माती धरून ठेवतात, म्हणून फुलांसाठी त्यांत घुसू नये.

गोरेगावहून :
पहिल्यांदा जाणाऱ्यांसाठी लिहितो. सोमवारी उद्यान बंद असते आणि शिलोंड्यासारख्या वाटांसाठी वनविभागाची परवानगी लागते. बिबट्यांचा वावर असल्याने अंधारापूर्वी बाहेर पडावे. घळीत मात्र पाण्याचे भय अधिक असते, कारण वरच्या डोंगरावर सर कोसळली की खाली पाऊस नसतानाही ओढा पाहता पाहता चढतो. पाणी गढूळ होऊ लागले, काटक्या-पाचोळा वाहून येऊ लागला, की छायाचित्रांचा मोह सोडून लगेच उंचावर जावे.