मदत हवी आहे: सचित्र पुस्तक क्रिएटिव्ह कॉमन्स परवान्याखाली देताना भारतीय कायद्याच्या दोन शंका

आम्ही तिघांनी मिळून मुलांसाठी विज्ञानाचे एक सचित्र पुस्तक तयार केले आहे. मजकूर दोघांचा आहे आणि चित्रे तिसऱ्या सहकाऱ्याची. ते कोणालाही छापता, वाटता आणि अन्य भाषांत नेता यावे, यासाठी सीसी बाय-एसए ४.० हा क्रिएटिव्ह कॉमन्सचा परवाना (श्रेय द्यावे आणि बदललेली आवृत्ती त्याच परवान्याखाली द्यावी, या अटींवर मुक्त वापर) निवडावा असा विचार आहे. (भारतासाठी वेगळी बेतलेली आवृत्ती २.५ ची असून ती आता फारच जुनी वाटते.)

१९५७ चा कॉपीराइट कायदा आणि परवान्याचा मजकूर ताडून पाहिल्यावर कलम ३० विषयीची शंका लगेच मिटली, कारण परवाना लेखी असावा ही अट कायम असली तरी सहीची अट २०१२ च्या दुरुस्तीने काढून टाकली आहे. कलम १९ चे तसे नाही. ते मुळात कॉपीराइट हस्तांतरणाविषयीचे असले तरी कलम ३०-अ मुळे परवान्यांनाही लागू होते आणि त्यानुसार मुदत नमूद नसल्यास ती पाच वर्षे, तर प्रदेश नमूद नसल्यास तो भारतापुरता मानला जातो. ४.० च्या मजकुरात परवाना जगभरासाठी आणि कॉपीराइट असेपर्यंत असल्याचे स्पष्ट म्हटले आहे. परंतु पुस्तकावर केवळ परवान्याचे नाव आणि दुवा छापल्यास तेवढ्याने मुदत व प्रदेश 'नमूद' झाले असे मानता येईल का, की श्रेयपानावर तसे वेगळे वाक्य घालावे? माझा कल वाक्य घालण्याकडे आहे, कारण त्याने बिघडत काहीच नाही.

दुसरी शंका चित्रकाराची असून ती मला अधिक अवघड वाटते. कलम ५७ प्रमाणे प्रतिष्ठेला बाधा आणणाऱ्या विकृतीकरणास हरकत घेण्याचा निर्मात्याचा हक्क कॉपीराइट दुसऱ्याला दिल्यावरही टिकतो, तर ४.० परवान्यात असे हक्क आवश्यक तेवढ्या मर्यादेत न बजावण्याचे मान्य करावे लागते. ही मान्यता भारतात कितपत टिकते? शिवाय परवाना एकदा दिल्यावर मागे घेता येत नसल्याने चित्रांना वेगळा बाय-एनडी परवाना (श्रेय देऊन वाटता येते, पण बदललेली आवृत्ती वाटता येत नाही) द्यावा, असे चित्रकाराचे म्हणणे आहे. मात्र तसे केल्यास आकृत्यांमधील मराठी नावे बदलून अनुवादित आवृत्ती काढता येणार नाही.

नावे चित्रांतून काढून मजकुराचा भाग म्हणून शेजारी छापणे आणि चित्रे बाय-एनडीखाली ठेवणे, अशी रचना कोणी प्रत्यक्ष केली असल्यास श्रेयपानावरील परवान्याचा मजकूर कसा लिहिला, हे कृपया कळवावे.