मदत हवी आहे: बाबांची येझदी २५० मोटरसायकल तापली की बंद पडते. दुरुस्त करत राहू की यामाहा आरएक्स १०० घेऊ?

नमस्कार मंडळी,

प्रश्न दोन आहेत, पण एकमेकांत अडकलेत, म्हणून एकाच धाग्यात विचारतो.

माझ्याकडे बाबांची १९८४ ची येझदी २५० आहे. रोडकिंग (येझदीचंच दुसरं मॉडेल) नव्हे, साधी, ६ व्होल्टची, पॉइंटवाली (पॉइंट म्हणजे प्रवाह तोडून ठिणगी पाडायला लावणारा छोटा स्विच). बाबा याच गाडीवर सव्वीस वर्षं गगनबावडा रस्त्यावरच्या शाळेत शिकवायला गेले. ते गेल्यावर सहा वर्षं गाडी गोठ्याशेजारी ताडपत्रीखाली उभी होती. गेल्या दिवाळीत बाहेर काढली. कोल्हापुरात शिवाजी उद्यमनगरात बोर मारून, म्हणजे झिजलेला सिलिंडर आतून कापून घेतला (पहिलंच बोर, ०.२५ मिमी मोठा पिस्टन), रिंगा नव्या, क्लच प्लेटा नव्या, टायर नवे. सायलेन्सरचे दोन्ही पाइप कॉस्टिक सोड्यात टाकून कार्बन काढला. टाकी आतून धुतली, कार्बोरेटर साफ केला. एक लिटर पेट्रोलला ३५ मिली टू-टी ऑइल (टू-स्ट्रोक इंजिनाला आतून वंगण देणारं) टाकतो.

अडचण अशी. थंड गाडी दुसऱ्या किकला सुरू होते. कोल्हापूरहून पंधरा-सोळा किलोमीटर झकास पळते. मग कळ्याच्या अलीकडे ओढ कमी होते, दोन-चार आचके देते आणि बंद. वीस मिनिटं सावलीत उभी केली की पहिल्या किकला सुरू, जणू काही झालंच नाही. पुढे सात-आठ किलोमीटरवर परत तेच. पिस्टन जाम झालेला नाही, बंद पडल्यावरही किक मोकळी जाते. प्लग चॉकलेटी आहे, म्हणजे पेट्रोल-हवेचं मिश्रण ठीक दिसतंय. सुरुवातीचा धूर जाऊन पाइप गरम झाल्यावरही डाव्या-उजव्या दोन्ही पाइपांतून पांढरा धूर येतच राहतो, हेही सांगून ठेवतो.

मिस्त्री म्हणतो, ही गाडी आता सोडा. गावातच एक १९९२ ची आरएक्स १०० विकायला आहे, १ लाख १० हजार सांगतात. दोन दिवस चालवून बघितली. खरं सांगतो, फरक मोठा आहे. आरएक्स ९८ सीसीची असून ११ बीएचपी देते आणि वजन शंभर किलोच्या आसपास. येझदी २४८.५ सीसीची, पण ताकद १३ बीएचपी आणि वजन १४० च्या घरात. त्यामुळे पिळली की आरएक्स अंगाखालून सुटते. गियर हलके, ब्रेक बरे, पेट्रोलही कमी पिते.

पण मागे आई आणि कडेला पोतं घेऊन चढ चढायचा तर मला येझदीच आवडते. आरएक्सला तिथे गियर पाडून इंजिन ओरडवावं लागतं. येझदी तिसऱ्यावर डुगडुगत, न चिडता वर जाते. ऊसगाड्यांच्या मागे सरपटायचं असलं तरी ती तक्रार करत नाही. यामागचं कारण कोणी नीट समजावेल का?

रोजचं जाणं-येणं ५० किलोमीटर आहे. दोन्ही गाड्या पाळणं परवडणार नाही. येझदी विकायचं मनात नाही, पण रस्त्यात उभं राहून शाळेची घंटा चुकवणं आता बास झालं (मीही शिक्षक आहे).

प्रतिसाद

दादा, आधी गाडी विकायचा विषय बाजूला ठेवा. तापल्यावर बंद आणि थंड झाल्यावर सुरू, याची मोजकीच कारणं असतात आणि ती रस्त्यातच ओळखता येतात. पुढच्या वेळी बंद पडली की वाट बघत बसू नका, वीस मिनिटांत पुरावा निघून जातो.

लगेच टाकीचं झाकण उघडा. हवा आत ओढल्याचा आवाज आला आणि गाडी सुरू झाली, तर झाकणाचं हवेचं भोक बुजलंय. टाकीत पोकळी तयार होऊन पेट्रोल उतरत नाही. तसं नसेल तर प्लग काढा, टोपीत घालून हेडला टेकवा आणि किक मारा. ठिणगी निळी, जाड हवी. पिवळी, बारीक किंवा गायब असेल तर कंडेन्सर (पॉइंटवर ठिणगी उडू न देणारा छोटा डबा) नाहीतर कॉइल (प्लगला जास्त व्होल्टेज देणारी). पॉइंटचं झाकण काढून बघा, पॉइंटवर निळ्या ठिणग्या उडत असतील आणि टोकं काळी पडली असतील तर ९० टक्के कंडेन्सरच. तो इंजिनाच्या उष्णतेत शिजत असतो, आणि आज दुकानात मिळणारे बरेच कंडेन्सर तितकी उष्णता सोसत नाहीत. बदलताना पॉइंटचा गॅप ०.४ मिमी ठेवा.

आणखी एक. तुमच्या गाडीचं इग्निशन बॅटरीवर आहे. डायनामो चार्ज करत नसेल तर बॅटरी उतरत जाते आणि शेवटी ठिणगीच मरते. बंद पडल्यावर हॉर्न वाजवून बघा. मिणमिणता वाजला तर तिकडे शोधा.

प्रतिसाद

तुमच्या चढाच्या प्रश्नाचं उत्तर बोर-स्ट्रोकमध्ये आहे. बोर म्हणजे सिलिंडरची रुंदी, स्ट्रोक म्हणजे पिस्टनची धाव. येझदी ६५ बाय ७५ मिमी, म्हणजे स्ट्रोक लांब. आरएक्स ५० बाय ५०. अडीचपट सीसी आणि लांब स्ट्रोक, त्यामुळे येझदी खालच्या फेऱ्यांतच ओढते. आरएक्सची ताकद वर, मिनिटाला ७५०० फेऱ्यांच्या आसपास. तिथवर इंजिन नेलं नाही तर ती शंभर सीसीची साधी गाडी असते.

मी सोळा वर्षं आरएक्स चालवतोय. देखभालीत तिचा मोठा फायदा म्हणजे ऑइल पंप. टू-टी वेगळ्या टाकीत भरायचं, पंप इंजिनाच्या फेऱ्या आणि थ्रॉटलप्रमाणे हवं तितकं सोडतो. हे घाटात कळतं. करूळ घाट उतरताना थ्रॉटल बंद करून गियरवर गाडी सोडली की येझदीत पेट्रोल जवळजवळ बंद, आणि ऑइल पेट्रोलातच असल्यामुळे तेही बंद. इंजिन मात्र जोरात फिरतंय! जुनी माणसं उतारावर मधूनमधून थ्रॉटल द्यायची किंवा क्लच दाबायची ती त्यासाठी. आरएक्सचा पंप तेव्हाही थोडं ऑइल देत राहतो. पण ऑइलची टाकी संपलेली लक्षात आली नाही किंवा पंपाची केबल सुटली, तर बोर गेलंच. आठवड्याला टाकी बघायची सवय लागते.

१ लाख १० हजार देण्याआधी चासी नंबर आणि इंजिन नंबर स्वतः आरसीशी ताडून बघा. आरएक्सच्या नावाखाली तीन गाड्यांचे भाग एकत्र करून रंगवलेल्या गाड्या खूप फिरतात. नोंदणीचं नूतनीकरण आणि पर्यावरण कर भरलेला आहे का, तेही बघा. हे तुमच्या येझदीलाही लागू आहे. व्हिंटेज नोंदणीचा कोणी सल्ला देईल, तर ती ५० वर्षांपुढच्या गाड्यांना, आणि त्यावर रोज ये-जा करता येत नाही.

प्रतिसाद

इथेनॉलकडे कोणी लक्ष वेधलं नाही म्हणून लिहितो. आताचं पेट्रोल २० टक्के इथेनॉलचं. इथेनॉलमध्ये स्वतःचा ऑक्सिजन असतो, त्यामुळे जुन्या जेटवर (कार्बोरेटरमधलं पेट्रोल सोडणारं बारीक भोक) मिश्रण पातळ होतं, म्हणजे पेट्रोल कमी पडतं, आणि टू-स्ट्रोक जास्त तापतं. प्लग पांढरट दिसला तर मेन जेट एक नंबर मोठा टाका. तुमचा चॉकलेटी आहे, तर सध्या हात लावू नका. पेट्रोलची रबरी नळी मात्र बदलाच, जुनी आतून विरघळून तिचा चुरा जेटमध्ये बसतो. गाडी आठवडाभर उभी राहणार असेल तर कॉक बंद करून कार्बोरेटर रिकामा होईपर्यंत चालवा. इथेनॉल हवेतलं पाणी ओढून घेतं. आणि नवीन बोरला पहिले हजार किलोमीटर ४० मिली ऑइल टाका, ३५ नको.

धागाकर्ता

सगळ्यांचे मनापासून आभार. काल सकाळी मुद्दाम बंद पडेपर्यंत चालवली. झाकण उघडलं, आवाज नाही, सुरूही झाली नाही. हॉर्न खणखणीत. ठिणगी पिवळी आणि केसासारखी. पॉइंटवर निळे फटाके. नवीन कंडेन्सर घेतला आणि मिस्त्रीला सांगून वायर लांबवून इंजिनाबाहेर, कॉइलशेजारी बसवला. आज गगनबावड्यापर्यंत जाऊन आलो. कुठेही थांबलो नाही. पूर्वी बाबा चहाला थांबायचे त्या टपरीवर फक्त हात केला.

आरएक्सवाल्यांना नाही म्हणून कळवलं.

आता उरला पांढरा धूर. गियर ऑइल मोजलं तर चारशे किलोमीटरमध्ये दीडशे मिली कमी झालंय, बाहेर मात्र थेंब नाही.

प्रतिसाद

मग ते जळतंय. क्रँकचं (पिस्टनने फिरणाऱ्या दांड्याचं) डावं रबरी सील गेलंय, क्लचच्या बाजूचं. तिथून गियर ऑइल क्रँककेसमध्ये ओढलं जातं आणि पाइपातून धूर होऊन निघतं. सहा वर्षं उभ्या गाडीचं सील कडक होतंच. इंजिन फोडायची गरज नाही, क्लच आणि प्रायमरी चेन काढली की सील समोर दिसतं. उजवंही बदला. डायनामोच्या बाजूचं सील फाटलं तर तिथून हवा शिरते, मिश्रण पातळ होतं आणि नवीन पिस्टन धरतो, म्हणजे जाम होतो.

धागाकर्ता

शनिवारी उघडतो. क्लच काढायचा पुलर (ओढून काढायचं अवजार) कोल्हापूर-सांगली भागात कोणाकडे असेल तर कृपया कळवा. संध्याकाळपर्यंत परत आणून देईन.