तंबाखू सोडल्यानंतरची घालमेल : तुमचे अनुभव लिहा

तंबाखूने काय होतं ते आता कुणाला सांगावं लागत नाही. पुडीवरच सडलेल्या तोंडाचं चित्र असतं आणि माणूस त्याच पुडीत चिमूट घालतो. सोडायचं ठरवलेल्याला कॅन्सर माहीत असतो. माहीत नसतं ते हे, की सोडल्यावर दोन-तीन दिवसांत विनाकारण छाती धडधडेल, पोरांवर खेकसायला होईल, मध्यरात्री जाग येईल आणि आपल्याला काहीतरी मोठं झालंय असं वाटत राहील. माझ्या ओळखीतली बरीच माणसं नेमकी तिथून माघारी फिरली. कॅन्सरची भीती लांबची, ही घालमेल आत्ताची.

म्हणून हा धागा. इंदूर आणि आसपासच्या मंडळींनी लिहावं: खैनी, जर्दा, गुटखा, मावा, मिश्री, जे काही तोंडात धरत होतात ते सोडल्यावर मनाचं काय झालं, कशाने निभावलं, घरच्यांनी काय केलं. "इच्छाशक्ती हवी" एवढंच लिहायचं असेल तर कृपया नको. ती असलेलीच माणसं इथे येणार आहेत.

सुरुवात मी करतो. राजेंद्रनगरात राहतो, शाळेत गणित शिकवतो. खालच्या ओठात खैनी धरायची सवय कॉलेजातली. सोडल्यावर पहिल्या आठवड्यात फळ्यासमोर उभा असताना रोजचं सूत्र आठवेना, तळहाताला घाम सुटला. वर्गात पंचेचाळीस मुलं गप्प बसून बघतायत आणि माझा खडू हलत नाही. त्या दिवशी मधल्या सुट्टीत मी पुडीवर छापलेल्या नंबरवर, १८००-११-२३५६ वर, फोन केला. राष्ट्रीय क्विटलाइन आहे, म्हणजे तंबाखू सोडायला मदत करणारी फोनसेवा, फुकट आहे, समोर प्रशिक्षित समुपदेशक असतात. त्या बाईंनी जे समजावलं त्याने माझं निम्मं ओझं उतरलं. निकोटिन रक्तातून साधारण दोन तासांत निम्मं होतं. ते उतरू लागलं की शरीर अस्वस्थ होतं, चिमूट धरली की ती अस्वस्थता मिटते. इतकी वर्षं मी समजत होतो की तंबाखू माझा ताण घालवते. तो ताण बऱ्याच अंशी तिनेच दर दोन तासांनी आणलेला होता! त्यात आपण चुना लावतो, त्यामुळे निकोटिन तोंडाच्या आतल्या त्वचेतून आणखी भराभर आत जातं, म्हणून सवयही घट्ट बसते.

हे कळल्यावर धडधड थांबली नाही. पण तिला घाबरणं थांबलं. पहिला आठवडा सगळ्यात वाईट गेला, मग दोन-तीन आठवड्यांत हळूहळू ओसरलं. आता तुम्ही लिहा.

पिथमपूर, रात्रपाळी

सर, तुम्ही लिहिलंत ते वाचून बरं वाटलं, कारण आमच्या लाइनवर हे कुणी बोलत नाही. माझ्याकडे दोन तोंडांची चुनौटी होती, एका बाजूला तंबाखू, एका बाजूला चुना. ती खिशात नसली की हात रिकामे वाटायचे. तोंडापेक्षा हातांना जास्त चुकल्यासारखं व्हायचं. डावा तळवा पुढे यायचा आणि उजवा अंगठा आपोआप मळायला लागायचा, मळायला काहीच नसताना.

मी खिशात एक नट-बोल्ट ठेवला. बारा नंबरचा, आटे नीट असलेला. तलफ आली की नट शेवटपर्यंत चढवायचा आणि उतरवायचा. एवढ्यात ती लाट निघून जायची, कारण एक तलफ फार तर पाच-दहा मिनिटं टिकते. पहाटे तीन ते पाच मात्र कठीण. त्या वेळी झोप येते आणि झोप उडवायला सगळे तंबाखूचा बार भरतात. सुपरवायझरला सरळ सांगून टाकलं, की महिनाभर मला पहाटे एकट्याच्या मशिनवर बसवू नका. त्यांनी ऐकलं. सांगितलंच नसतं तर काहीच झालं नसतं.

सुदामानगर, मी गृहिणी, सोडलं ह्यांनी

बायकांनीही लिहावं का? लिहितेच.

ह्यांनी जर्दा सोडला तेव्हा घरात आम्ही सगळे जपून वागत होतो. भाजीत मीठ कमी पडलं म्हणून ताट सरकवून उठले. असा माणूस नाही हो हा. मला आधी राग आला, मग रडू आलं. दंतवैद्यांनी सांगितलं की चिडचिड, उतावीळपणा, झोप न लागणं हे सगळं निकोटिन सुटल्याचं आहे. तेव्हा ठरवलं, भांडण पुढे ढकलायचं. चिडचिड वाढली की हे गच्चीवर जायचे, मी मागे जायची नाही.

दुसरं म्हणजे "आज खाल्ली का?" हे विचारणं मी बंद केलं. संध्याकाळी दारात पाय टाकताच हा प्रश्न आला की माणसाला आपल्यावर पाळत आहे असं वाटतं. त्याऐवजी चहा टाकून "आज कसं गेलं?" एवढंच.

आणि मामंजींबद्दल लिहायलाच हवं. ते स्वतः पान-तंबाखू खातात, वय झालंय, सुटायची नाही म्हणतात. पण मुलगा सोडतोय म्हटल्यावर त्यांनी आपला पानाचा डबा देवघराशेजारच्या फडताळातून उचलून शेजारच्या काकांकडे नेऊन ठेवला. खायचं असलं की तिकडे जातात. मी कधी त्यांना हे बोलले नाही, पण मला त्यांचं फार कौतुक वाटतं.

लोकमान्यनगर

माझ्या सासूबाईंची मिश्री. त्या माहेरच्या खानदेशातल्या. सकाळी तव्यावर भाजून कुटलेली मिश्री दातांना लावून अर्धा तास ओट्यापाशी बसायच्या, आणि घरात कुणीही त्याला व्यसन म्हणत नव्हतं. "दात घासतायत" म्हणायचे. २०१६-१७च्या देशव्यापी तंबाखू पाहणीत १५ वर्षांवरच्या स्त्रियांपैकी १२.८ टक्के धूर न करणारी तंबाखू घेतात असं आलं होतं. म्हणजे दर आठ बायकांत एक. तरी सगळं समुपदेशन, सगळी पोस्टरं पुरुषांचीच.

त्यांचा त्रास दोन प्रकारचा होता. एक म्हणजे पोट. मिश्री लावल्याशिवाय पोट साफ होत नाही ही त्यांची खात्री होती आणि बंद केल्यावर खरंच झालं नाही. निकोटिन आतड्यांना चालना देतं, ते गेलं की काही दिवस बद्धकोष्ठ होतं. त्या घाबरल्या, सारखं पोटातच लक्ष. रात्री कोमट पाण्यात इसबगोल, जेवणात पालेभाजी आणि सकाळी आमच्यासोबत थोडं चालणं, यावर महिन्याभरात लागलं वळण.

दुसरा त्रास सांगायला त्यांना शब्द नव्हते. "सकाळ कशासाठी उजाडते कळत नाही गं" म्हणाल्या एकदा. तो अर्धा तास हा त्यांचा एकटीचा होता, घरातल्या कुणीही त्यांना तेव्हा काम सांगायचं नाही. मिश्री गेली तसा तो वेळही गेला होता. मग आम्ही तो परत दिला. सकाळी अर्धा तास ओटा त्यांचा, चहा त्यांचा, रेडिओ त्यांचा. ज्यांच्या घरी आई, आजी, सासू सोडतायत त्यांनी हे बघा, की ती नक्की काय गमावते आहे.

भंवरकुआँ, स्पर्धा परीक्षेची तयारी

थोडक्यात लिहितो. फिल्टर खैनीचे पाऊच. सोडल्यावर अभ्यासात लक्ष शून्य, एक पान चारदा वाचायचं. परीक्षा डोक्यावर असेल तर त्या आठवड्यात सोडायला घेऊ नका, परीक्षेनंतरची तारीख पक्की करा आणि ती कुणाला तरी सांगा. लक्ष परत येतं. आणखी एक, स्वप्नात पाऊच तोंडात असतो आणि दचकून जाग येते, वाटतं आपण खाल्लीच. खाल्लेली नसते. असं खूप जणांना होतं.

दंतवैद्य, इंदूर

माझ्याकडे येणारे निम्मे लोक म्हणतात, "तंबाखू सोडली, आता फक्त सुपारी." ही सुटका नाही. सुपारीत अ‍ॅरेकोलीन असतं, त्याचीही सवय लागते, आणि नुसती सुपारीही कर्करोगकारक आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने २००४ मध्ये ते जाहीर केलं. तोंड न उघडण्याचा जो आजार आपल्याकडे तरुण मुलांत दिसतो तो मुख्यतः सुपारीने होतो. आरशासमोर तोंड उघडा, तीन बोटं उभी धरून आत जातात का पाहा. जात नसतील तर दाखवायला या. आपल्या पोह्यांवर जिरावण मसाला पडला की तोंडाची आग होते, तेही लक्षण आहे.

१ एप्रिल २०१२ला मध्य प्रदेशात गुटखा बंद झाला, देशात सर्वात आधी. त्यानंतर गुमटीवर, म्हणजे पानटपरीवर, पानमसाला आणि जर्दा अशा दोन वेगळ्या पुड्या लटकू लागल्या आणि लोक हातावर मिसळून खाऊ लागले. अशा माणसाला एकदम दोन गोष्टी सोडायच्या असतात, म्हणून त्याची घालमेल जास्त असते.

निकोटिनच्या च्युइंगमबद्दल: ते साध्या च्युइंगमसारखं चघळू नका. सावकाश चावायचं, जिभेला मिरमिर झाली की थांबायचं, गाल आणि हिरडीच्या मध्ये ठेवायचं, मिरमिर गेली की पुन्हा. अर्धा तास पुरतं. भराभर चघळलं तर लाळेबरोबर पोटात जातं, उचक्या आणि मळमळ होते, आणि मग लोक "मला सोसत नाही" म्हणून सोडून देतात. आधीची पंधरा मिनिटं आणि गम तोंडात असताना कॉफी, सोडा, सरबत नको, निकोटिन शोषलंच जात नाही. २ मिलिग्रॅमचं औषधाच्या दुकानात मिळतं, जास्त खाणाऱ्यांना डॉक्टर ४चं देतात. तोंडच उघडत नसेल तर त्वचेवर चिकटवायची निकोटिनची पट्टी लावावी. गर्भवती असाल किंवा हृदयविकार असेल तर आधी डॉक्टरांना विचारा.

पलासिया, खाजगी नोकरी

वर सरांनी धडधडीचं लिहिलंय. मला एकदा रात्री इतकी झाली की भावाने गाडीवर घालून दवाखान्यात नेलं. हात बधिर, श्वास पुरेना, हे शेवटचंच असं वाटलं. ईसीजी निघाला, ठीक आला. (छातीत दुखलं तर तपासून घ्याच, तंबाखू सोडल्याचंच असेल असं घरी बसून ठरवू नका.) ड्युटीवरच्या तरुण डॉक्टरने विचारलं, "तंबाखू वगैरे सोडलीत का एवढ्यात?"

पण माझी गोष्ट जरा वेगळी निघाली. महिना उलटला, तलफ कमी झाली, तरी भीती गेली नाही. लिफ्टमध्ये, सराफ्यातल्या गर्दीत, कुठेही यायची. मानसोपचारतज्ज्ञांनी सगळं विचारून घेतल्यावर लक्षात आलं की ही भीती विशीपासूनचीच होती, तंबाखूने झाकलेली. गोळी आणि बोलणं दोन्ही चालू आहे. खूप फरक आहे. महिन्याच्या वर घबराट टिकली, किंवा जगणं नको वाटू लागलं, तर त्याला तलफ समजून ढकलू नका. १४४१६ हा टेलिमानसचा, म्हणजे सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा नंबर आहे, चोवीस तास, फुकट.

रामबाग

माझं मत थोडं निराळं आहे. एकदम सोडणं सगळ्यांना जमत नाही. मी आधी दोन बारांमधलं अंतर वाढवलं, मग तारीख ठरवून बंद. घालमेल मला तरी कमी झाली.

तोंडात धरायला घरी आईने ओवा, बडीशेप, तीळ आणि सैंधव भाजून दिलं. लवंग बेताने, तोंड पोळतं. रंगपंचमीच्या गेरेत, म्हणजे रंगांच्या मिरवणुकीत, मित्रांनी "अरे भिया, आज तर चालतं" म्हणत पुडी पुढे केली. गर्दी, ढोल, आनंद, सगळ्यात जुनी सवय जागी होते. त्रासात तलफ येते हे ठाऊक होतं, आनंदात इतकी येईल याची कल्पना नव्हती. राजवाड्यापासून बाजूच्या गल्लीत शिरलो, बाटलीभर पाणी प्यायलो, मग परत आलो.

दंतवैद्य, इंदूर

रामबागकरांनो, हळूहळू कमी करायलाही हरकत नाही, फक्त शेवटची तारीख पक्की हवी. नाहीतर "कमी करतोय" वर्षानुवर्षं चालतं.

सियागंज, दुकान आहे

सगळं वाचलं. आज माझा दुसरा दिवस. घरी सांगितलेलं नाही, आधी बोललो आणि टिकलो नाही असं नको म्हणून. दुपारपासून मान जड, गिऱ्हाइकाशी बोलताना आवाज चढतोय, समोरच गुमटी आहे आणि तो माणूस ओळखीचा, पुडी न मागता पाठवतो. आज रात्री काय करू?

राजेंद्रनगर, गणित

दादा, आधी गुमटीवाल्याला आत्ताच सांगा, पाठवू नकोस म्हणावं. तो ऐकेल, ओळखीचा आहे. दुकानातल्या गल्ल्यात, गाडीच्या डिकीत, शर्टाच्या खिशात एखादी पुडी राहिली असेल तर ती आज काढा, रात्री दोनला ती सापडते.

घरी सांगा. सुदामानगरच्या वहिनींनी लिहिलंय ते तुमच्या घरीही वाचून दाखवा, म्हणजे चिडलात तरी का ते त्यांना कळेल. संध्याकाळनंतर चहा-कॉफी नको, झोप तशीही कच्ची असणार. जेवण झालं की लगेच दात घासा आणि वहिनींना घेऊन चालायला बाहेर पडा, कारण जेवणानंतरचा बार सगळ्यात जास्त आठवतो. रात्री जाग आली तर पडून घड्याळ बघू नका, उठून पाणी प्या, हळू श्वास घ्या, दहा मिनिटं जाऊ द्या.

क्विटलाइन सकाळी ८ ते रात्री ८ असते, सोमवारी बंद. पुढच्या फोनची तारीख तेच ठरवून देतात. आणि उद्या दुपारी, मान जड व्हायच्या वेळेला, इथे दोन ओळी लिहा. मी बघतो.